वैजयंतीबाईंची साक्ष

पारगावचा मळा
सोमवार, १३ ऑक्टोबर

प्रिय इंद्रायणी,
सलाम.

फोन चार वेळा लावला. शेवटी श्रेयाने पुण्याहून सांगितलं, "मम्मी, काकूनं तुझा नंबर ब्लॉक केलाय." बरं केलंस. टपाल काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. दहावीनंतर मी चार ओळीसुद्धा लिहिलेल्या नाहीत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

हात कसा आहे? टाके निघाले का? बोटं मिटतात का? खोडदला धूळ फार, जखम झाकून ठेव. तुझ्या आईला सांग, डॉक्टरने दिलंय तेच लावा, स्वतःचं डोकं चालवू नका. तू अमृत भाऊजींना घेऊन न सांगता माहेरी निघून गेलीस याचा मला फार राग आला होता. घरातली थोरली जाऊ मी, आणि तू गेलेली मला दूधवाल्याकडून कळावं? पण आता राग नाही. दोन्ही म्हशींची धार मी एकटी काढते. तांबडी अजून तुझीच वाट बघते आणि मला लाथा घालते.

काल चर्चमध्ये मी साक्ष दिली. पाळकसाहेबच म्हणाले, "एवढं मोठं संकट टळलं, तर देवानं काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगा." मला बोलायची हौस आहे असं तू म्हणशील. पण देवाने वाचवलं आणि माणूस गप्प बसलं, तर ते कृतघ्नपणाचं होतं.

मी जसं घडलं तसं सांगितलं. संध्याकाळचे सहा, धारेची वेळ, गोठ्यामागच्या उसातून बिबट्या आला, माझ्या जावेचा हात त्याने धरला, तेव्हा मी गुडघे टेकले, प्रभूचं नाव तीनदा घेतलं, आणि तो शेपूट टाकून उसात गेला. बायका रडल्या. ती तेजस्विनी, नव्याने लग्न होऊन आलेली, माझ्या गळ्यात पडली. "आक्का, तुमच्या प्रार्थनेनं जावंचा जीव वाचला," म्हणाली. विळ्याचं आणि तुझ्या ओरडण्याचं सांगायचं राहिलं. पाच मिनिटांची वेळ असते, त्यात काय काय बसवणार?

आणि ते दाराचं. तू कुणाला काही बोलली नाहीस हे चांगलं केलंस. दार वाऱ्याने लागलं. त्या पत्र्याच्या दाराला तशी खोडच आहे, तुला माहीत आहे.

उत्तर लिही. डाव्या हातालाच लागलंय, उजवा मोकळा आहे.

तुझी थोरली जाऊ,
सौ. वैजयंती सयाजी
(अध्यक्षा, महिला संघ)


गुरुवार, ३० ऑक्टोबर

प्रिय इंद्रायणी,
सलाम.

तुझं उत्तर नाही. असू दे. मलाही हल्ली दम घ्यायला वेळ नसतो.

त्या साक्षीची बातमी कशी पसरली देव जाणे. मंचरच्या बायकांनी बोलावलं, मग नारायणगावच्या बायकांनी. नारायणगावला शाल दिली, खुर्ची मध्यभागी ठेवली. मी नको नको म्हणत होते. आता दर बुधवारी सहा वाजता आपल्याच घरी बायकांची प्रार्थना असते. पंधरा-सोळा जणी येतात. चहाला दूध पुरत नाही, पण तक्रार नाही.

हे मात्र खुसपट काढतात. परवा जेवताना म्हणाले, "साक्ष सांगतीस का पिच्चर? पयल्या रविवारी बिबट्या धा फुटावर व्हता, नारायणगावला हातभर आला. नाताळापातूर तुझ्या मांडीवर बसंल बघ." मी ताट सरकवून उठले. तू असतीस तर तू तोंडात पदर कोंबून हसली असतीस, मला माहीत आहे. तुम्हा दोघांचं नेहमीच तसं. माणूस सांगताना रंगतं, थोडं इकडचं तिकडं होतं. पण त्यातून एखाद्याचा विश्वास वाढला तर बिघडलं कुठे?

एक काम आहे. पाळकसाहेब दोनदा विचारून गेले, "इंद्रायणीबाईंचीबी साक्ष घ्यायचीय. त्या कवा येनार?" मी सांगितलं, तिला चारचौघांत उभं राहायची सवय नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. ते तुला फोन करतील. तू एवढंच सांग, की आक्कांनी प्रार्थना केली. ते खोटं नाही. मी प्रार्थना केली होती, अगदी मनापासून.

उसाची तोड सुरू झाली आहे. एकेक फड मोकळा होतो तसा बिबट्या उरलेल्या उसात सरकतो म्हणतात. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, तिन्हीसांजेला एकट्याने फिरू नका, बॅटरी ठेवा, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा. खुरपायला जाणाऱ्या बायकांनी तर गळ्यात पट्टे घातलेत, चामड्याचे, बाहेरून खिळे ठोकलेले, म्हणजे बिबट्याने मानेला तोंड घातलं तर त्यालाच टोचावं. आपल्या ठकूबाईंनाही त्यांच्या मुलाने, गेणूने करून दिलाय. म्हातारी तो घालून प्रार्थनेला आली. गळ्यात खिळे घालून देवापुढे बसायचं म्हणजे कसं वाटतं ते तूच सांग.

तुझी,
सौ. वैजयंती सयाजी


गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रिय इंद्रायणी,

अमृत भाऊजी रविवारी आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. पिशवी ह्यांच्या हातात दिली आणि गाडी वळवली. पिशवीत खिळ्यांचा पट्टा. "तिनं उजव्या हातानं शिवलाय, आक्कांना घालाय सांगा म्हणली," एवढंच बोलले.

म्हणजे तू मला टोमणा मारलास. सगळ्या तालुक्यात माझ्या विश्वासाची साक्ष सांगतात आणि तू मला पट्टा पाठवतेस. मी तो ज्वारीच्या कणगीत टाकला आहे. तुझे कष्ट वाया गेले.

माझ्यावर राग असेल तर मोकळेपणाने लिही. असं काही पाठवू नकोस.

काल बुधवार होता. ठकूबाई पुन्हा पट्टा घालून आल्या. मंचरच्या दोन बायका नवीन होत्या, त्या बघतच राहिल्या. मी आपलं सहज म्हटलं, "ठकूबाई, तुमचा भरवसा देवावर हाय का खिळ्यांवर?" सगळ्या हसल्या. म्हातारी ओशाळली. "तसं न्हाई आक्का. गेणू रागं भरतो. घालून गेलं तर चालंल का?" मी म्हटलं, चालेल की, देव काय, तुम्हालाही बसायला जागा देतो आणि खिळ्यांनाही. पुन्हा हसल्या. तेव्हा तिने पट्टा काढला. बक्कल निघेना. तेजस्विनीने सोडवला आणि आपल्या ओसरीच्या भिंतीला खुंटीवर अडकवला. मग आणखी चौघींनी काढले. पाच पट्टे टांगलेत भिंतीला. आम्ही टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, सगळं घर भरून गेलं. तसं गाणं आपल्या चर्चमध्येही कधी झालं नव्हतं.

हे बाहेरून आले, भिंतीकडे बघत उभे राहिले. "ह्ये बघून मला लई भ्या वाटतंय," म्हणाले. रोज ओसरीवर झोपायचे, काल आत झोपले.

बायका हल्ली बॅटरीही आणत नाहीत. तसं मी सांगितलेलं नाही. सांगितलं असेल तर ओघात. मी स्वतः चर्चला ह्यांच्या गाडीवर जाते, पण ते गुडघ्यांमुळे.

आपल्या मळ्याच्या अंगाला पिंजरा लावला आहे, आत शेळी बांधून. आठ दिवस झाले, शेळी तशीच. काळू कुत्र्याचा मात्र पत्ता नाही, नुसती साखळी राहिली.

वैजयंती


बुधवार, ३ डिसेंबर, दुपार

इंद्रायणी,

आज पत्राचा दिवस नाही, पण बसवत नाही म्हणून लिहिते. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी ठसे होते. ताजे. ह्यांनी त्यावर घमेलं पालथं घातलं, वनखात्याला दाखवायला.

सगळीकडचा ऊस तुटला. आता एकच फड उभा आहे, आपलं घर आणि ठकूबाईंची वस्ती यांच्या मधला. बाकीच्या जणी गावातून डांबरी रस्त्याने घोळक्याने येतात. ठकूबाई एकटी फडाच्या कडेच्या पाऊलवाटेने येते. उद्या-परवा टोळी तोही फड तोडणार आहे.

आजची प्रार्थना रद्द करावी असं सकाळी मनात आलं होतं. फोन हातात घेतला, तेवढ्यात तेजस्विनीचाच आला. आज एकवीस जणी आहेत, मंचरची एक बाई नातेवाइकांना घेऊन खास माझी साक्ष ऐकायला येणार आहे. मी रद्द करायचं म्हटलं असतं तर काय म्हणाल्या असत्या? आक्काच भ्याल्या. मी म्हटलं, या.

ठकूबाईला तरी फोन करून सांगावं, पट्टा घालून या म्हणून. पण काढायला लावला मीच. आता कोणत्या तोंडाने सांगू?

तू एक शब्द लिही. शिवी लिही. तू इतकी गप्प आहेस की मला घरात तुझीच चाहूल लागते.

वै.


शनिवार, ६ डिसेंबर

इंद्रायणी,

ठकूबाई गेल्या. अमृत भाऊजी मातीला आले होते, त्यांनी तुला सांगितलं असेल. तरी मी लिहिते, आणि या वेळी क्रम मागंपुढं करणार नाही.

बुधवारी सहाला सगळ्या जमल्या. ठकूबाईंची जागा रिकामी होती. तेजस्विनी म्हणाली, "थांबायचं का आक्का?" मी म्हटलं, "रुसल्या असतील त्या पट्ट्यावरून. देवाचं काम कुणासाठी थांबत नाही." हे मी म्हटलं. मग साक्ष सांगितली. त्या दिवशी माझ्या गोष्टीतला बिबट्या माझा पदर हुंगून गेला. मंचरची बाई हुंदके देऊन रडली. मग आम्ही गाणी म्हटली, टाळ्या वाजवून, चाळीस मिनिटं.

सातला गेणू ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "आईला न्ह्यायला आलोय." त्याने भिंतीकडे बघितलं, खुंटीवरचा आपल्या आईचा पट्टा ओळखला, काढून घेतला आणि ट्रॅक्टर वळवला. उजेड पाडून शोधलं. आपल्या कुंपणापासून चाळीस पावलांवर सापडल्या. ती ओरडली असेल. आमचा आवाज मोठा होता.

आता तुझं सांगते. तुला माहीतच आहे, पण मी कधी तोंडातून काढलेलं नाही.

त्या संध्याकाळी तो तुझ्यावर आला नव्हता, माझ्यावर आला होता. मी गोठ्याच्या दारात वाकले होते. तू मागून वैरणीचा भारा त्याच्या अंगावर फेकलास आणि ओरडलीस, "आक्का, आत व्हा!" मी आत झाले. तू माझ्या मागोमाग धावलीस. दार वाऱ्याने लागलं नव्हतं. मी लावलं. आतून कडी घातली. तुझी थाप पडली दारावर, एकदा नाही, तीन-चारदा, "आक्का, आक्का" म्हणून. मी दाराला पाठ लावून बसले होते. प्रार्थना मी केली, ती तिथे. मला वाचव म्हणून केली. तुझं नाव त्यात नव्हतं. बाहेर तू एका विळ्याने लढलीस, अमृत भाऊजी आणि काळू धावत आले, तो गेला. सगळं शांत झाल्यावर मी कडी काढली. तू रक्ताने भिजलेली, आणि मला विचारलंस, "आक्का, तुम्हाला न्हाई ना लागलं?"

ते मला सहन झालं नाही, इंद्रायणी. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी निभावून नेलं असतं. तू कुणालाच काही बोलली नाहीस. तुझ्यापेक्षा मोठं व्हायला मला काहीतरी हवं होतं, आणि रविवारी पाळकसाहेबांनी मला उभं केलं.

आणखी एक. तू शिवलेला पट्टा कणगीत नाही. मी तो घालते. पहाटे गोठ्यात जाताना, पदराखाली. ठकूबाईला सगळ्यांदेखत काढायला लावला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घालते. बुधवारी सकाळीही घातला होता.

काल माती झाली. कबरीजवळ बायका कुजबुजत होत्या. तेजस्विनी म्हणाली, मुद्दाम नाही, अगदी कळवळून म्हणाली, "ठकूबाईंचा ईश्वास कुठंतरी कमी पडला आसंल." गेणू दोन हातांवर उभा होता. त्याने ऐकलं. पाळकसाहेबांनीही ऐकलं. मग मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं. कडी, थाप, विळा, पट्टा, सगळं. आवाज चढवून नाही सांगितलं. "तिला मी मारलं," म्हटलं.

मला वाटलं, आता थुंकतील. मंचरच्या बाईने डोळ्यांना पदर लावला. "बघा मोठ्या मानसाचं मन," म्हणाली. "त्या म्हातारीचा कमीपना झाकाया स्वोताला किती खाली पाडून घेतलं!" तेजस्विनीने माझे दोन्ही हात धरले. "आक्का, येवढी नम्रता आमच्यात कवा येनार?" गेणू एकटा निघून गेला.

आणि ते ऐकून मला बरं वाटलं. ठकूबाईंवर माती पडत होती, आणि मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगू शकत नाही, फक्त तुला. पापाची कबुली दिली तीही मी शालीसारखी अंगावर घेतली. असं माणूस कधी बघितलंस का?

पाळकसाहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांनी एकट्यांनी. रात्रीच्या आत घरी आले. "चूक माजीबी हाय," म्हणाले. "तुमाला उभं करायच्या आदी मी खोडदला जायला पायजे व्हतं." त्यांनी बायकांना बुधवार बंद करायला सांगितलं. तर आज गावात बोलणं आहे, की पाळकसाहेबांना आक्कांचा हेवा वाटतो. मी तेजस्विनीला म्हटलं, येऊ नका, मी घराला कुलूप लावीन. ती म्हणाली, अंगणात बसू. मी म्हटलं, निदान पट्टे तरी न्या. हसली. फोनवर मागे कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "आक्का आपली परीक्षा बघत्यात." येत्या बुधवारी चाळीस जणी येणार आहेत. ठकूबाईंच्या वाटेनेच येणार, हातात हात घालून, बॅटरीशिवाय. तसं त्यांनी ठरवलं आहे. टोळीने कामाला यायचं नाकारलं, तो फड उभाच आहे. पिंजऱ्यातली शेळी अजून ओरडते आहे.

ह्यांना काल सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला ठावं व्हतं. त्या दिशी वारा नव्हता." दोन महिने ठाऊक होतं आणि माझ्या हातचं जेवत होते.

हे पत्र घेऊन तेच येत आहेत, टपालाला वेळ नाही. मी माफी मागायला बोलावत नाही. माफी मागितली तर त्याचीही मी साक्ष करून सांगेन, आता मला माझी ओळख झाली आहे. तू बुधवारच्या आत ये, उजेडी ये, अमृत भाऊजींना घेऊन ये. त्या बायकांसमोर उभी राहा आणि माझ्या तोंडावर मला खोटी पाड. त्या तुला वाईटसाईट बोलतील. मी कदाचित मध्येच रडेन, पाया पडेन, आणि पुन्हा सगळ्यांच्या नजरेत मोठी होऊन बसेन. तेव्हा तू थांबू नकोस.

बिबट्याचं वनखातं बघेल. माझं तुला बघावं लागेल.

वैजयंती